आधारची झेरॉक्स, मोबाईल नंबर आणि 'वरून ऑर्डर आहे': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात कामाला आहे, वकील नाही, कॉम्प्युटर इंजिनियर पण नाही. पण घरच्या ग्रुपवर, सोसायटीत आणि ऑफिसच्या चहावाल्याकडेसुद्धा माझी ओळख आता 'तो नंबर न देणारा' अशी झालीये. लग्नकार्यात कोणी ना कोणी कोपऱ्यात गाठतं आणि तेच तेच प्रश्न विचारतं, जेवण गार होतं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देणार.

प्र. एवढं काय लपवायचंय तुम्हाला? कर नाही त्याला डर कशाला?

उ. हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि बहुतेक वेळा मामांकडून येतो. मी मामांना म्हटलं ठीक आहे, मग तुमचं बँक पासबुक ग्रुपवर टाका. मामा म्हणाले तसं नाही रे. तसंच असतं. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की फ्रिजवरच्या शुगरच्या गोळ्या कपाटात जातात ना, मग त्या घरात काय गुन्हेगार राहतात का? कोणाला काय सांगायचं आणि कधी सांगायचं हे आपण ठरवतो एवढंच.

दुसरं म्हणजे 'कर' कशाला म्हणायचं हे आपण ठरवत नाही, समोरचा ठरवतो. उत्तर प्रदेशात खरक सिंग म्हणून एक माणूस होता. १९४१ मध्ये दरोड्याच्या केसमध्ये त्याला धरलं, पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तरी पोलिसांनी त्याच्या नावाने हिस्ट्री शीट उघडली आणि रात्री-बेरात्री येऊन दार ठोठवायचे, आहेस का घरी, कुठं चाललास, सांगून जा. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६२ मध्ये कोर्ट म्हणालं की रात्री घरात घुसणं चूक, पण बाकी पाळत ठेवायला काही हरकत नाही कारण प्रायव्हसी असा काही मूलभूत हक्क घटनेत नाहीये. म्हणजे कर नव्हताच, पुरावा नाही म्हणून सोडलेलं, तरी डर आयुष्यभराचा. आणि तेव्हा निदान हवालदाराला थंडीत उठून यावं तरी लागायचं. आता ते पण काम नाही, फोन आपणच खिशात घालून फिरतो.

प्र. मग प्रायव्हसी हा हक्क आहे असं कुठं लिहिलंय?

उ. २४ ऑगस्ट २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. नऊ न्यायाधीश, एकमताने. घटनेच्या कलम २१ मध्ये जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा जो हक्क आहे त्यातच प्रायव्हसी येते असं सांगितलं आणि खरक सिंगच्या निकालातलं ते वाक्य रद्द केलं. पंचावन्न वर्षं लागली. केस टाकणारे होते कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी, २०१२ मध्ये आधारच्या विरोधात गेले होते, वय तेव्हा ऐंशीच्या पुढं. आपल्याकडे त्या वयाचे आजोबा नातवाला म्हणतात बाबा तूच टाक तो ओटीपी. त्या केसमध्ये २०१५ साली सरकारचे वकील चक्क कोर्टात म्हणाले होते की प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच नाही, म्हणून तर नऊ न्यायाधीश बसवायला लागले.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. आणीबाणीत १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने असा निकाल दिला होता की आणीबाणी चालू असताना बेकायदा अटकेविरुद्ध सुद्धा कोर्टात दाद मागता येणार नाही. त्या बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ च्या निकालात तो जुना निकाल साफ चूक होता असं लिहिणारे धनंजय चंद्रचूड, म्हणजे त्यांचा मुलगा. आपल्याकडे वडिलांनी हॉलमध्ये लावलेलं कॅलेंडर हलवायची टाप नसते.

प्र. पण आधार तर सगळीकडे कंपल्सरी आहे ना?

उ. नाही. इथं सगळे चुकतात, आमच्या ऑफिसातले शिकलेले लोक सुद्धा. २६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला. आधार कायदा टिकला, पॅनला आधार जोडणं टिकलं, सरकारी सबसिडी आणि योजनांसाठी आधार मागणं टिकलं. पण बँक खात्याला आणि सिम कार्डाला सक्तीने जोडणं उडालं, शाळेच्या ॲडमिशनला सक्ती नाही असं सांगितलं, आणि प्रायव्हेट कंपन्यांना आधार मागायची मुभा देणारा कलम ५७ मधला भाग पण उडाला. तो 'एक' म्हणजे पुन्हा धनंजय चंद्रचूडच, त्यांचं म्हणणं होतं की हा कायदा मनी बिल म्हणून, म्हणजे राज्यसभेला अडवता येणार नाही अशा वाटेने, पास केला हेच मुळात चूक आहे.

मग २०१९ मध्ये कायदा बदलला आणि बँका, टेलिकॉमवाल्यांसाठी मागच्या दाराने वाट करून दिली, फक्त त्याला 'स्वेच्छेने' असं नाव दिलं. स्वेच्छेने म्हणजे काय तर काउंटरवरची बाई म्हणते दुसरं कुठलंही चालेल सर, पण मग आठ दिवस लागतील, आधार दिलं तर पाच मिनिटांत होईल. झाली आपली स्वेच्छा तिथंच.

बाय द वे, देशातलं पहिलं आधार कार्ड महाराष्ट्रात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान आले होते. तेव्हा सांगितलं होतं की ज्याच्याकडे काहीच ओळखपत्र नाही त्याच्यासाठी हे आहे. आणि आता ज्याच्याकडे पासपोर्ट, लायसन्स, वोटर कार्ड, पॅन सगळं आहे त्याला सुद्धा लॉजवर विचारतात, आधार नाही का?

प्र. मग जो तो झेरॉक्स का मागतो?

उ. सवय. आणि झेरॉक्स घेतली की आपलं काम झालं असं समोरच्याला वाटतं. तपासत कोणीच नाही. मी एकदा मुद्दाम क्यूआर कोड पुढं केला, म्हटलं हा स्कॅन करा, खरं खोटं लगेच कळेल, तर तो मुलगा म्हणाला स्कॅन नको सर झेरॉक्स द्या, फाईलला लावायचीय. म्हणजे मी कोण आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं, कागद पाहिजे होता.

गंमत सांगतो. २७ मे २०२२ ला आधारवाल्यांच्या स्वतःच्या बंगळुरू ऑफिसने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, हॉटेलं नि थिएटरवाल्यांना ती घेऊन ठेवायचा अधिकार नाही. लोक घाबरले, कारण एव्हाना शंभर ठिकाणी दिलेली. दोन दिवसांत सरकारने ते पत्रक मागे घेतलं, म्हणाले गैरसमज होतोय, नेहमीचं तारतम्य बाळगा. आता तारतम्य बाळगायचं कसं, देणाऱ्याने की घेणाऱ्याने, ते काही सांगितलं नाही. मग २०२५ च्या शेवटी आधारवालेच म्हणायला लागले की हॉटेल, कार्यक्रमवाले वगैरेंची झेरॉक्स घ्यायची पद्धत बंद करणारा नियम आणतोय, क्यूआर किंवा ॲपनेच तपासायचं. चांगलंय. लॉजच्या काउंटरवर पोचेपर्यंत किती वर्षं जातील ते बघू.

प्र. नुसत्या झेरॉक्सने काय होतंय?

उ. आधी झेरॉक्सच्या दुकानात चला. आमच्या स्टेशनजवळच्या एका दुकानात काउंटरवर जाड अक्षरात व्हॉट्सॅप नंबर चिकटवलाय, यावर पाठवा नि प्रिंट घ्या. सगळे पाठवतात, मी पण पाठवलंय. एकदा त्याला माझी फाईल सापडेना म्हणून त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, म्हणाला तुम्हीच बघा. डाऊनलोडचं फोल्डर. 'आधार', 'आधार १', 'आधार फायनल', 'मम्मी आधार', 'आधार पॅन दोन्ही', खाली खाली खाली सरकवत गेलो तर संपेचना. कोणाचा भाडेकरार, कोणाचं जातीचं सर्टिफिकेट, कोणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. त्या कॉम्प्युटरला पासवर्ड नाही आणि दुकानात दोन पोरं आळीपाळीने बसतात. पोरं चांगली आहेत हो, पण चांगुलपणावर किती दिवस चालायचं?

आता काय होऊ शकतं ते. आधारच्या नंबरावर बँकेतून पैसे काढायची एक सिस्टीम आहे, गावाकडे खूप चालते, एईपीएस म्हणतात. त्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढंच लागतं. पिन नाही, ओटीपी नाही. ठसा कुठून मिळणार असं वाटत असेल तर घराची, जमिनीची रजिस्ट्री आठवा, तिथं अंगठे लावतोच आपण. तेलंगणात २०१८ मध्ये एकाने रजिस्ट्रीच्या कागदांवरून ठसे उचलून, त्यांचे रबरी अंगठे करून सिम कार्डं काढल्याचं पोलिसांनी पकडलं होतं. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

आणि फक्त दुकानातूनच गळतं असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये ट्रिब्यून पेपरच्या वार्ताहराने पाचशे रुपये देऊन दहा मिनिटांत असं लॉगिन मिळवलं की कुठलाही आधार नंबर टाकला की नाव, पत्ता, फोटो, फोन सगळं समोर. त्यावर पहिली कारवाई काय, तर एफआयआर झाला आणि त्यात पेपर आणि वार्ताहराचं नाव. घरात चोर शिरला असं ओरडणाऱ्यालाच आधी बसवून ठेवायचं, असला प्रकार.

प्र. बरं मग मी काय करू, सोपं सांगा.

उ. सोपं सांगतो.
मास्क्ड आधार डाऊनलोड करा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. ते चालतं. कोणी नाही म्हणालं तर लायसन्स पुढं करा.
झेरॉक्स द्यायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं पेनाने लिहा, कशासाठी, कोणाला, तारीख. फोटोवरून रेघ गेली पाहिजे. मोकळ्या जागेत लिहाल तर कात्रीने कापता येतं.
बायोमेट्रिक (बोटाचे ठसे, डोळे) लॉक करून टाका, आधारच्या साईटवर किंवा ॲपवर होतं, म्हणजे ठशाने कोणी पैसे काढू शकत नाही. आपल्याला लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं.
मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं कुठं वापरलं गेलं ती हिस्टरी पण तिथंच दिसते. एकदा बघाच.
आधारची पीडीएफ पुढं कोणाला ढकलताना पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल, हाच सगळ्यांचा पासवर्ड असतो. हे ज्याला माहीत नाही असा झेरॉक्सवाला मी पाहिला नाही.

प्र. आजीचं पण बायोमेट्रिक लॉक करू का?

उ. रेशन ती घेत असेल तर नको, विचार करून करा. माझी आजी साताऱ्याकडे गावी असते. आयुष्यभर शेणात, मातीत, भांड्यांत हात, बोटांवरच्या रेघा कधीच गेल्या. रेशन दुकानात मशीनवर अंगठा येत नाही. मी सोबत होतो तेव्हा बघितलं, आजीने बोट पदराला पुसलं, परत लावलं, दुकानदार म्हणाला दुसरं बोट बघू, मग डाव्या हाताचं, अशी दहाही बोटं झाली. मागे रांग. आजी रांगेकडे बघून अशी ओशाळून हसली की जणू तिनेच काहीतरी चोरलंय. शेवटी ओटीपीवर झालं, पण तो मोबाईल नंबर काकाचा आणि काका शेतात, मग त्याला फोन, मग रेंज नाही. पाव तास गेला असेल, पण पंचाहत्तर वर्षांच्या बाईला आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला लागणं हे मला काही विसरता येत नाही.

प्र. पण आधारमुळे गरिबांचा फायदाच झाला ना? दलाल गेले, पैसे थेट खात्यात येतात.

उ. येतात. हे नाकारण्यात काही अर्थ नाही, माझ्या मावशीला पैसे थेट येतात आणि आधी तिला तलाठ्याच्या ऑफिसात खेटे घालायला लागायचे. बोगस नावं पण गेली असतील. माझं भांडण कार्डाशी नाहीये. मशीन नाही म्हणालं की माणसाने काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं, भांडण तिथं आहे. झारखंडमध्ये सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. घरच्यांचं म्हणणं रेशन कार्ड आधारला जोडलं नाही म्हणून रद्द झालं होतं, घरात धान्य नव्हतं, पोर भात भात करत गेली. सरकार म्हणालं मलेरिया होता. काहीही धरा, कार्ड रद्द झालेलं होतं हे तर खरंच ना.

आणि आपल्याकडचं ताजं बघा. लाडकी बहीण योजनेत महिन्याला दीड हजार मिळतात. २०२५ मध्ये सगळ्या बायकांना ई-केवायसी करायला लावली, त्यात बाईचं आधार आणि सोबत नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार, ओटीपीसकट. आता जिचा नवरा वारलाय आणि वडील पण नाहीत तिने काय करायचं? जिला नवऱ्याने टाकलंय ती ओटीपी मागायला त्याच्या दारात जाणार का? फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात एक कुटुंब होतं, त्या कुटुंबात सगळे जिवंत, सगळे बोलतात एकमेकांशी आणि सगळ्यांचे मोबाईल चार्ज असतात. नंतर ओरड झाल्यावर मुदत वाढवली, विधवा नि घटस्फोटित बायकांसाठी वेगळी सोय करू म्हणाले. आधी सुचलं नाही. आमच्या भागातल्या सेतु केंद्रावर त्या दिवसांत रात्री नऊला पण बायका बसलेल्या असायच्या, पोराला मांडीवर घेऊन, कारण रात्री साईट जरा चालते.

प्र. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर द्यावाच लागतो का?

उ. नाही लागत. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांच्या संघटनांना कळवलं होतं की नंबरासाठी अडवू नका. तरी काउंटरवरची पोरगी म्हणते सर सिस्टीम पुढं जातच नाही. तिची चूक नाही, तिला टार्गेट असतं. मी शांतपणे म्हणतो, ताई तुमच्या मॅनेजरला बोलवा नाहीतर सामान परत घ्या. दहा वेळा तरी केलं असेल, दहाही वेळा सिस्टीम पुढं गेली. एकदा मात्र बायको सोबत होती, मागे लाईन होती, ती हळूच म्हणाली द्या हो एकदाचा. दिला. तेव्हापासून मला बंगल्याचे प्लॉट, गुडघ्याचं तेल आणि कर्ज यांचे मेसेज येतात. कोणी विकला नंबर ते सिद्ध करता येणार नाही म्हणून दुकानाचं नाव घेत नाही.

प्र. सोसायटीच्या गेट ॲपमध्ये काय वाईट आहे? सेफ्टीसाठीच आहे.

उ. यावर आमच्या सोसायटीच्या एजीएममध्ये दीड तास घालवलाय, तरी थोडक्यात सांगतो. पूर्वी वॉचमनकडे वही होती. वही वाईटच होती, कोणीही मागची पानं चाळून कोणाकडे कोण आलं ते बघू शकायचं. पण भरली की माळ्यावर जायची आणि उंदीर खायचे. ॲपमधलं कोण खाणार?

आता पाहुण्याचा फोटो, नंबर, गाडीचा नंबर, किती वाजता आला, किती वाजता गेला, हे एका कंपनीच्या सर्व्हरवर जातं, जिचं ऑफिस आमच्यापैकी कोणी बघितलेलं नाही. मी सेक्रेटरींना विचारलं की हा डेटा किती दिवस ठेवतात, ते म्हणाले ते कंपनी बघते. ॲग्रीमेंट दाखवा म्हटलं, तर म्हणाले चेअरमनकडे आहे. चेअरमन म्हणाले पीडीएफ आलेली बहुतेक, शोधावी लागेल. माझ्या बहिणीचा फोटो तिथं आहे, तिला कोणी विचारलं होतं? ती भाऊबीजेला आली होती.

आणि सगळ्यात जास्त त्रास मला होतो तो मावशींचा. घरकाम करणाऱ्या बायकांना ॲपमध्ये कोड दिलेत, त्या किती वाजता आल्या, कुठल्या घरात गेल्या, किती वेळ होत्या, महिन्यात किती खाडे, हे अख्ख्या बिल्डिंगला दिसतं, वर स्टार देता येतात. आमच्याकडे येणाऱ्या मावशींनी मला एकदा विचारलं, दादा तुमच्या पण ऑफिसात असंच दिसतं का हो सगळ्यांना? मी म्हटलं नाही. म्हणाल्या मग आम्हालाच का? मी एजीएममध्ये सुचवलं की तसं असेल तर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची पण यादी ॲपवर सगळ्यांना दिसू दे, किती महिने, किती रुपये, आणि स्टार पण द्या. लगेच सगळ्यांना प्रायव्हसी आठवली. शेवटी एवढं पदरात पडलं की मावशींचे स्टार बंद झाले. वेळा अजून दिसतात.

प्र. व्हॉट्सॅप तर एन्क्रिप्टेड आहे ना?

उ. मेसेज आहे, २०१६ पासून. पण तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता ते कंपनीला कळतंच. पाकीट बंद आहे पण पाकिटावरचा पत्ता पोस्टमन वाचतोय, आणि पोस्टमनचा धंदाच मुळी पत्ते वाचायचा आहे. २०२१ मध्ये 'मान्य करा नाहीतर निघा' छाप जी पॉलिसी आणली होती त्याबद्दल आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॅपच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड ठोकला. त्या कंपनीच्या हिशोबात हा चहापाण्याचा खर्च असेल.

प्र. सरकार प्रत्येक फोनमध्ये ॲप टाकणार होतं ते काय होतं?

उ. संचार साथी. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार खात्याने मोबाईल कंपन्यांना सांगितलं की नव्वद दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच टाकून द्या, ते बंद करता येणार नाही असं बघा, आणि जुन्या फोनमध्ये अपडेटमधून ढकला. आदेश गुपचूप होता, बातमी फुटल्यावर कळलं. आरडाओरडा झाला, मंत्री म्हणाले नको असेल तर डिलीट करा, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. म्हणजे आठवड्याभरात. ओरडून काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवतोय.

मजा म्हणजे संचार साथीची साईट कामाची आहे. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, हरवलेला फोन ब्लॉक करता येतो. मी स्वतः आमच्या ऑफिसातल्या तिघांना बघायला लावलं, एकाच्या नावावर दोन अनोळखी नंबर निघाले, ते लगेच रिपोर्ट केले. वस्तू चांगली असेल तर लोक आपणहून घेतात, नरड्यात कोंबायला का लागते ते मला कळत नाही.

प्र. पेगॅससचं पुढं काय झालं?

उ. काही नाही. पेगॅसस म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर. ते इथल्या लोकांच्या फोनवर वापरल्याच्या जुलै २०२१ मध्ये बातम्या आल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने समिती नेमली, ऑगस्ट २०२२ मध्ये कळलं की २९ फोन तपासले, पाचमध्ये काहीतरी मालवेअर होतं पण ते पेगॅससच आहे असं नक्की सांगता येत नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही. सामान्य माणसाने नोटिशीला उत्तर दिलं नाही तर काय होतं ते आमच्या ऑफिसात येऊन बघा.

प्र. विमानतळावर डिजियात्रा वापरू का?

उ. चेहरा स्कॅन करून आत सोडायची ती सोय. तुमची मर्जी, ती खरोखर ऐच्छिक आहे. फक्त गेटवरचा मुलगा विचारता विचारता तुमचा फोटो काढायला लागला तर नको म्हणा, साधी रांग असतेच. आणि हे चालवणारी संस्था सरकारी नाही, त्यात विमानतळ प्राधिकरणाचा हिस्सा २६ टक्के आणि बाकी विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा, त्यामुळे माहिती अधिकारात विचाराल तर आम्ही त्यात येत नाही म्हणतात.

प्र. आता डेटाचा कायदा आलाय ना, मग कसली काळजी?

उ. आलाय, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि कंपन्यांना बंधनकारक असलेला मुख्य भाग त्यानंतर दीड वर्षाने लागू. बारसं झालंय पण पोर अजून चालायला लागलेलं नाही.

चांगलं काय आहे तर कामापुरतीच माहिती मागायची असं कायद्यात आहे. त्यात उदाहरणच दिलंय, डॉक्टरचा सल्ला देणारं ॲप तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागत असेल आणि तुम्ही हो म्हणालात तरी ते हो धरलं जाणार नाही, कारण सल्ला द्यायला लिस्ट लागत नाही. दंड २५० कोटींपर्यंत. आणि कायद्यात माणसाचा उल्लेख सगळीकडे 'ती' असा आहे, 'तो' नाही, हे मला छान वाटलं.

वाईट काय तर सरकारला वाटेल त्या सरकारी यंत्रणेला कायद्यातून बाहेर काढता येतं. दंड झाला तर तो सरकारजमा, ज्याचा डेटा गेला त्याला दमडी नाही. उलट खोटी किंवा फालतू तक्रार केली म्हणून तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि याच कायद्याच्या शेपटाला बांधून माहिती अधिकार कायदा बदलला. पूर्वी अधिकाऱ्याची वैयक्तिक माहिती सार्वजनिक कामाशी संबंधित असेल तर मागता यायची. आता त्या कलमात सरळ 'वैयक्तिक माहिती' एवढंच राहिलंय, म्हणजे नाही म्हणायला सोपं. जनहिताचं दुसरं एक कलम शिल्लक आहे पण ते कोण किती मानणार. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, अण्णांच्या उपोषणांमुळे, त्या राज्यात राहून हे बघायचं. माझा सगळा राग इथं येऊन थांबतो बघा. माझा अंगठा, डोळे, पत्ता, पगार, बहीण कधी आली, सगळं त्यांना पाहिजे. आणि मी विचारलं की या रस्त्याचं बिल कोणाच्या सहीने पास झालं, तर म्हणणार ती त्यांची वैयक्तिक माहिती आहे.

प्र. 'वरून ऑर्डर आहे' म्हणाले तर काय करायचं?

उ. ऑर्डर दाखवा म्हणायचं. आवाज न चढवता. दाखवता येत नसेल तर म्हणायचं, आधारशिवाय काम होणार नाही असं या माझ्या अर्जावर लिहून सही-शिक्का द्या. तोंडी नकार द्यायला सगळे तयार असतात, लेखी म्हटलं की पेन सापडत नाही. चुलतभावाच्या मुलीच्या ॲडमिशनला मी एवढंच केलं होतं. क्लार्कबाई आत गेल्या, पाच मिनिटांनी आल्या, म्हणाल्या जन्मदाखल्यावर होऊन जाईल. मुलाच्या ॲडमिशनची वेळ म्हणजे आईबाप सगळ्यात हळवे असतात, तेव्हा सोबत असा एखादा जाडजूड नातेवाईक न्यावा.

प्र. एवढं करून तुम्ही स्वतः किती वाचलात?

उ. फार नाही. यूपीआय वापरतो, गाडीला फास्टॅग आहे, रस्ता चुकलो की मॅप लावतोच, मुलाने हट्ट केला म्हणून घरात बोलणारा स्पीकर पण आलाय, त्याला मी जेवताना प्लगमधून काढतो आणि बायको परत लावते.

प्र. तुमच्या ऑफिसात पण लोकांची आधार-पॅन असतील की, त्यांचं काय करता?

उ. हा प्रश्न मावसभावाने विचारला आणि मी गप्प झालो. आमच्याकडे पत्र्याची तीन कपाटं आहेत. रिटर्न भरायला येणारा प्रत्येक माणूस झेरॉक्स देतो, काही जण तर दर वर्षी नवी देतात, आम्ही पंच मारून फाईलला लावतो. त्यात वारलेली माणसं आहेत, डोंबिवली सोडून पुण्याला गेलेली आहेत, मोडलेली लग्नं आहेत. मी सरांना विचारलं हे कशाला ठेवलंय, ते म्हणाले असू दे, कधी लागतं. रद्दीत द्यायचं नाही यावर मात्र ते पहिल्यापासून ठाम, ते मला माहीत होतं म्हणून मी रविवारचा येतो म्हटलं, पगार नको, फक्त चावी द्या. कायद्याने ठेवायला लागतं ते बाजूला काढतो, बाकीचं फाडायचं. सरांनी त्यांच्या खर्चाने एक छोटं श्रेडर आणलं. ते एका वेळी पाचच कागद घेतं, सहावा घातला की अडकतं, आणि स्टेपलची पिन राहिली तर खडखड आवाज करून बंदच पडतं, मग अर्धा तास गार होऊ द्यायचं. म्हणून आधी पिना काढत बसतो. चार रविवार झाले, दीड कपाट अजून बाकी आहे.